‘महाराष्ट्रीय’ ही ओळख लोकांनी घडवली की शासनाने?

संदर्भशोधक (प्रश्न)

१ मे १९६० ची कथा आपल्याकडे बहुधा एकाच अंगाने सांगितली जाते. मराठी भाषकांचे राज्य व्हावे अशी लोकेच्छा होती, तिच्यासाठी चळवळ उभी राहिली, १०५ हुतात्म्यांनी प्राण दिले आणि अखेर राज्य मिळाले. या कथेत लोक आधी येतात आणि शासन नंतर. ही कथा खोटी आहे असे मला म्हणायचे नाही. मात्र राज्य स्थापन होण्याआधीच्या दशकांत या भूभागाची स्थिती काय होती हे पाहिले की प्रश्न पडतो, आणि त्याविषयी जाणकारांचे मत हवे आहे.

पुणे, नाशिक, रत्नागिरी हे जिल्हे पेशवाई बुडाल्यापासून मुंबई इलाख्यात होते. नागपूर आणि वऱ्हाड मध्य प्रांताचा भाग होते, आणि तिथला कारभार हिंदी आणि मराठी अशा दोन भाषकांना सोबत घेऊन चाले. औरंगाबाद, बीड, नांदेड, परभणी, उस्मानाबाद येथे निजामाची सत्ता होती, कचेरीची भाषा उर्दू होती. कोल्हापूर, सांगली, सावंतवाडी, औंध ही संस्थाने वेगळीच. जमीनमहसुलाच्या तऱ्हाही सारख्या नव्हत्या: एकीकडे रयतवारी (शेतकरी सारा थेट सरकारला भरतो), दुसरीकडे मालगुजारी (गावचा मालगुजार तो गोळा करून भरतो), तिसरीकडे जहागिऱ्या आणि निजामाची खासगी ‘सर्फ-ए-खास’ जमीन. म्हणजे सावंतवाडीचा शेतकरी आणि भंडाऱ्याचा शेतकरी यांची भाषा एक असली, तरी सरकार म्हणून त्यांनी जे पाहिले होते ते सर्वस्वी निराळे होते.

आज मात्र या दोघांची नातवंडे स्वतःला सहजपणे ‘महाराष्ट्रातले’ म्हणवतात. शासनाने त्याची कागदी व्याख्याही करून ठेवलेली आहे. अधिवास प्रमाणपत्रासाठी राज्यात १५ वर्षांचे वास्तव्य दाखवावे लागते, अर्जदाराच्या मातृभाषेवर ते प्रमाणपत्र अवलंबून नसते. भाषेच्या आधारावर मागितलेल्या राज्याने आपला रहिवासी मात्र वास्तव्याच्या आधारावर ठरवला, ही गोष्ट मला विचार करण्याजोगी वाटते.

माझा प्रश्न असा की, ही एकत्वाची जाणीव निर्माण करण्यात १९६० नंतरच्या शासनाचा वाटा किती, तो कोणत्या साधनांतून आला, आणि शासनाने प्रयत्न करूनही ती जाणीव कुठे रुजली नाही? घोषणा आणि अस्मितेची भाषणे आपण सर्वांनी पुष्कळ ऐकली आहेत, त्यामुळे उत्तरे शक्यतो यंत्रणा, कायदे, संस्था यांच्या अंगाने यावीत अशी विनंती.

---

फळा-खडू

प्राथमिक शिक्षणाच्या क्षेत्रात आयुष्य गेलेले असल्यामुळे मी शाळेपुरतेच बोलतो. माझ्या मते आपल्या प्रश्नाचे निम्मे उत्तर तिथेच आहे.

२७ जानेवारी १९६७ रोजी पुण्यात पाठ्यपुस्तक निर्मितीचे राज्य मंडळ, म्हणजे आपण ज्याला ‘बालभारती’ म्हणतो ते, स्थापन झाले. त्याआधी खासगी प्रकाशकांची पुस्तके मंजूर होऊन शाळांत चालत असत. मंडळ आल्यावर एका इयत्तेला एका विषयाचे एकच पुस्तक, आणि तेही अत्यल्प किमतीत, गडचिरोलीपासून सिंधुदुर्गापर्यंत पोहोचू लागले. हा बदल किती मोठा होता हे आज सांगूनही पटत नाही. एकाच वयाच्या लाखो मुलांनी एकाच वर्षी तीच कविता पाठ करणे ही गोष्ट या भूमीवर त्याआधी कधी घडलेली नव्हती.

या पुस्तकांची रचना बारकाईने पाहण्यासारखी आहे. आरंभी प्रतिज्ञा येते. ती विशाखापट्टणम येथे कोषागार अधिकारी असलेल्या पैडिमर्री वेंकट सुब्बाराव यांनी १९६२ मध्ये तेलुगूत लिहिली आणि २६ जानेवारी १९६५ पासून देशभरच्या शाळांत म्हटली जाऊ लागली. चीनशी युद्ध झाले त्या वर्षी एका सरकारी अधिकाऱ्याच्या हातून उतरलेला हा मजकूर आज मराठी माणसाला ‘आपलाच’ वाटतो, इतका की त्याचा मूळ लेखक कोण हे शेकडा एकालाही ठाऊक नसेल. त्यानंतर परिसराचा क्रम येतो: तिसरीला आपला जिल्हा, चौथीला आपले राज्य, पुढे आपला देश. या उतरंडीत विदर्भ, मराठवाडा, खानदेश, कोकण या पायरीला स्वतंत्र पुस्तक नाही. मूल जिल्ह्यावरून थेट राज्यावर जाते. हे कोणी कट करून केले असे मी म्हणत नाही, कारण जिल्हा हा प्रशासनाचा घटक असल्यामुळे तो सोयीचा होता एवढेच. परंतु परिणाम असा झाला की, आजीच्या बोलण्यातला प्रदेश शाळेच्या पुस्तकात आलाच नाही.

चौथीचे शिवचरित्र हा याचा सर्वांत ठसठशीत नमुना आहे. वर्षभर एकाच व्यक्तीचे चरित्र इतिहास म्हणून शिकवणारी ही योजना फार प्रभावी ठरली. चंद्रपुरात सतराव्या शतकात गोंड राजांची सत्ता होती. नागपूर शहराची मुहूर्तमेढ देवगडच्या बख्त बुलंद शाहाने रोवली. मराठवाड्याकडे देवगिरीच्या यादवांची आठवण होती, खानदेशाकडे आणखी वेगळी. या सर्व आठवणींतून राज्याने एक आठवण निवडली आणि ती सर्वांच्या मुळाशी ठेवली. ‘निवडली’ हा शब्द मी जाणूनबुजून वापरतो. शिवरायांविषयीचा आदर शासनाने निर्माण केला नाही. महात्मा फुले यांनी १८६९ मध्ये पोवाडा लिहिला आणि पुढे टिळकांनी उत्सव सुरू केला, तेव्हा महाराष्ट्र राज्याचा पत्ताही नव्हता. मात्र फुल्यांचे शिवराय आणि टिळकांचे शिवराय यांच्यात जो वाद होता, तो पाठ्यपुस्तकाने मिटवून टाकला आणि चौथीतल्या मुलाला पेलेल असे एकच रूप समोर ठेवले. जत आणि अक्कलकोट भागांतील कन्नड माध्यमाच्या शाळांतही राज्याचाच अभ्यासक्रम चालतो, त्यामुळे तिथल्या मुलांपर्यंतही अफझलखानाचा प्रसंग कन्नडमधून पोहोचतो. इथे भाषेची सीमा ओलांडून राज्याची ओळख पुढे गेलेली दिसते.

लेखनाच्या नियमांविषयीही थोडे सांगितले पाहिजे. साहित्य महामंडळाने तयार केलेले शुद्धलेखनाचे १४ नियम १९६२ मध्ये शासनाने स्वीकारले आणि १९७२ मध्ये आणखी ४ नियमांची भर पडली. २००९ च्या शासन निर्णयात, आणि नंतर २०२२ च्या सुधारित निर्णयात, ‘ल’ आणि ‘श’ ही अक्षरे कोणत्या वळणाने काढावीत हेसुद्धा सांगितलेले आहे. म्हणजे मुलाच्या हातातील पेन्सिल कोणत्या बाजूने वळावी यावर मंत्रालयाची मोहोर आहे. वर्गात याचा अर्थ काय होतो, तर घरी ‘पानी’ म्हणणाऱ्या मुलाच्या वहीत त्या शब्दाभोवती तांबडे वर्तुळ पडते. ते मूल काही वर्षांनी ‘पाणी’ लिहू लागते, आणखी काही वर्षांनी वडिलांचे बोलणे दुरुस्त करू लागते. शासनाने समाज घडवला म्हणजे काय केले, याचे याहून जवळचे उदाहरण मला देता येणार नाही.

---

वर्धाकाठ

फळा-खडू यांनी पुस्तकाचे बळ नेमके मांडले आहे. पण पुस्तकाने जे जोडले ते अंदाजपत्रकाने उसवले, ही बाजू विदर्भातून पाहताना अधिक स्पष्ट दिसते.

सुरुवात १९५५ पासून करावी लागेल. फजल अली यांच्या अध्यक्षतेखालील राज्य पुनर्रचना आयोगाने आठ मराठी जिल्ह्यांचे स्वतंत्र विदर्भ राज्य करावे अशी शिफारस केली होती. ती बाजूला ठेवून १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भ द्वैभाषिक (मराठी-गुजराती) मुंबई राज्यात घालण्यात आला. नागपूर हे त्या दिवसापर्यंत राजधानीचे शहर होते, तिथे स्वतःचे उच्च न्यायालय होते. एका रात्रीत सचिवालय गेले आणि उच्च न्यायालयाचे खंडपीठ झाले. पुढच्याच वर्षी निवडणूक झाली. पश्चिम महाराष्ट्रात संयुक्त महाराष्ट्र समितीने काँग्रेसला धूळ चारली, पण विदर्भ, मराठवाडा आणि गुजरात येथील जागांच्या बळावर यशवंतराव चव्हाण यांचे सरकार टिकले. तेव्हा ‘संपूर्ण मराठी जनता एका आवाजात राज्य मागत होती’ हे वाक्य मतपेटीच्या कसोटीवर तरी उतरत नाही.

नेत्यांना याची जाणीव आधीपासूनच होती. मराठी प्रदेशांतील नेत्यांनी केलेल्या १९५३ च्या नागपूर करारात विदर्भ आणि मराठवाड्याला निधी, नोकऱ्या आणि शिक्षण यांत लोकसंख्येच्या प्रमाणात वाटा देण्याचे आणि दरवर्षी विधिमंडळाचे एक अधिवेशन नागपुरात भरवण्याचे ठरले. अधिवेशन आजही भरते. डिसेंबरात काही दिवस मंत्री, सचिव, फायलींचे गठ्ठे आणि मोर्चे असे सगळे नागपुरात उतरते आणि अधिवेशन संपले की परत जाते. राज्य आपलेही आहे हे दाखवण्यासाठी योजलेला हा उपाय होता. प्रत्यक्षात सरकार एरवी कुठे असते याची वार्षिक आठवण तो करून देतो, असे माझे मत आहे.

याहून महत्त्वाची गोष्ट १९८४ ची. वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखालील सत्यशोधन समितीने सिंचन, रस्ते, शाळा, आरोग्य, वीज अशा क्षेत्रांत कोणता जिल्हा राज्याच्या सरासरीच्या किती मागे आहे हे मोजले आणि एकूण सुमारे ३,१८६ कोटी रुपयांचा अनुशेष काढला. समितीने हिशेब जिल्हावार मांडला होता, कारण तिला प्रादेशिक भावनेला खतपाणी घालायचे नव्हते. झाले मात्र उलटेच. ‘अनुशेष’ या शब्दाने विदर्भाच्या नाराजीला प्रथमच एक आकडा दिला. त्याआधी ब्रिजलाल बियाणी, बापूजी अणे, पुढे जांबुवंतराव धोटे यांच्या भाषणांत अन्यायाची भावना होती. दांडेकर समितीनंतर तिला शासनाच्याच कागदाचा आधार मिळाला. घटनेच्या कलम ३७१(२) खाली १९९४ मध्ये वैधानिक विकास मंडळे आली, तेव्हा विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र हे तीन भाग कायद्याच्या भाषेत रूढ झाले. पाठ्यपुस्तकाने जी पायरी गाळली, ती राज्यपालांच्या निधीवाटपाच्या निर्देशांनी परत आणून बसवली. मंडळांची मुदत ३० एप्रिल २०२० ला संपली. ती शब्दावली मात्र मागे राहिली आहे.

त्यामुळे शासन ओळख घडवते हे मला मान्य आहे, पण त्याच्या एका हाताला दुसरा हात काय घडवतो याची खबर नसते. शाळेने माझ्या पिढीला महाराष्ट्रीय केले आणि नियोजन विभागाच्या तक्त्यांनी वैदर्भीय.

---

सीमेपलीकडचा

वरील दोन्ही उत्तरे राज्याच्या आतून आलेली आहेत. बाहेरची एक गोष्ट विचारात घ्यावी.

बेळगाव १९५६ पासून कर्नाटकात (तेव्हाच्या म्हैसूर राज्यात) आहे. संयुक्त महाराष्ट्राचा ठराव ज्या साहित्य संमेलनात झाला, ते १९४६ चे संमेलन याच शहरात, ग. त्र्यं. माडखोलकर यांच्या अध्यक्षतेखाली भरले होते. त्यानंतरच्या साऱ्या काळात बेळगावला महाराष्ट्राच्या जिल्हा परिषदेने, मंत्रालयाने किंवा एसटी महामंडळाने घडवलेले नाही. नाव बदलून बेळगावी झाले, २०१२ मध्ये सुवर्ण विधानसौध उभे राहिले आणि तिथे कर्नाटकाचे अधिवेशनही भरू लागले. तरीही १ नोव्हेंबर हा दिवस तिथला मराठी समाज काळा दिवस म्हणून पाळतो आणि महाराष्ट्र एकीकरण समिती अनेक पराभवांनंतरही नामशेष झालेली नाही. शासनच ओळख घडवत असते, तर दोन-तीन पिढ्यांत हा प्रश्न मिटायला हवा होता. माझ्या पाहण्यात तरी कन्नड सक्तीचे प्रत्येक परिपत्रक मराठीपण अधिक घट्ट करते. जी ओळख चंद्रपुरात सवयीने आली, ती इथे विरोधातून आली. अर्थात नव्या पिढीचा कल पाहता ही घट्टपणाची जाणीवही पूर्वीसारखी राहिलेली नाही, आणि त्याला परिपत्रकांपेक्षा इंग्रजी माध्यमाच्या शाळा अधिक कारणीभूत आहेत.

---

गोदातीर

मराठवाड्याविषयी कोणी लिहिले नाही म्हणून लिहितो. नागपूर करारावर बोलताना विदर्भाने अटी घातल्या आणि मराठवाडा विनाअट आला, असे आमच्याकडे अजूनही अभिमानाने आणि थोड्या पश्चात्तापाने सांगतात. याचे कारण निजामी राजवटीच्या अनुभवात आहे. १९१८ मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यम उर्दू होते. वरच्या शिक्षणाचा आणि कचेरीचा दरवाजा मराठी मुलाला त्याच भाषेतून ओलांडावा लागे. म्हणून स्वामी रामानंद तीर्थ आणि गोविंदभाई श्रॉफ यांच्या पिढीला मराठी राज्यात जाणे हे मुक्तिसंग्रामाचेच पुढचे पाऊल वाटले. एका शासनाने भाषा दाबली म्हणून दुसऱ्या शासनाची ओढ लागली, असा हा क्रम आहे.

परंतु मला आपल्या प्रश्नाच्या दुसऱ्या भागाकडे, म्हणजे शासनाने प्रयत्न करूनही काय रुजले नाही याकडे, यायचे आहे. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे नाव देण्याचा ठराव मंजूर केला. त्याच मराठवाड्यात बाबासाहेबांनी १९५० मध्ये मिलिंद महाविद्यालय उभारले होते. ठरावात कायद्याच्या दृष्टीने कसलीही उणीव नव्हती. पण बातमी गावोगाव पोहोचताच दलित वस्त्यांवर हल्ले झाले, घरे जाळली गेली, माणसे मारली गेली. ज्या समाजाने स्वतःला ‘फुले-शाहू-आंबेडकरांचा महाराष्ट्र’ म्हणवून घ्यावे असे शासनाला वाटत होते, त्या समाजाने विद्यापीठाच्या पाटीवरचे एक नाव सहन केले नाही. त्यानंतर सोळा वर्षे गेली, नागपूरहून औरंगाबादेकडे लाँग मार्च निघाले, हजारो लोक तुरुंगात गेले, आणि अखेर १४ जानेवारी १९९४ रोजी नामांतर नव्हे तर नामविस्तार झाला: ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ’. १९७८ मध्ये आणि १९९४ मध्ये मुख्यमंत्री एकच होते, शरद पवार. ठराव करणारा हात तोच होता. बदलली होती ती परिस्थिती, आणि ती शासनाने बदललेली नव्हती. आंबेडकरी चळवळीने सोळा वर्षे हा प्रश्न जिवंत ठेवला म्हणून तडजोडीची वेळ आली.

यावरून ‘लोक श्रेष्ठ, शासन दुबळे’ असा निष्कर्ष काढण्याची घाई मात्र करू नये. याच मराठवाड्यात अलीकडे काय घडले ते पाहा. मराठा समाजाच्या जुन्या कुणबी नोंदी शोधण्यासाठी नेमलेल्या न्यायमूर्ती शिंदे समितीच्या कामासाठी तहसील कचेऱ्यांतली दप्तरे उघडली गेली, मोडी आणि उर्दू वाचणाऱ्यांना शोधून आणले गेले, कारण पणजोबाच्या नावापुढे कारकुनाने ‘कुणबी’ लिहिले आहे की नाही यावर आजच्या मुलाचे आरक्षण आणि प्रवेश अवलंबून होता. २ सप्टेंबर २०२५ च्या शासन निर्णयाने हैदराबाद गॅझेटियरचा (निजामकालीन संस्थानाच्या सरकारी नोंदींचा) आधार घेण्याचे ठरले. शतकापूर्वीच्या एका राजवटीने महसुलासाठी आणि शिरगणतीसाठी केलेली नोंद आज रक्ताच्या नात्याइतकी निर्णायक ठरते आहे. त्या काळी गावात मराठा कोण आणि कुणबी कोण हा भेद किती ताठर होता, याविषयी इतिहासकारांत मतभेद आहेत. कागदाला मात्र रकाना भरावाच लागतो, आणि रकान्यात ‘दोन्ही’ किंवा ‘प्रसंगानुसार’ असे लिहिता येत नाही. शासनाची खरी ताकद मला ठरावांपेक्षा या रकान्यांत दिसते. ठरावाला लोक विरोध करतात. रकाना भरताना कोणी विरोध करत नाही, आणि मग त्याच रकान्यासाठी पुढची पिढी रस्त्यावर उतरते.

---

मांडवीपार

गोव्याचे उदाहरण येथे अप्रस्तुत ठरू नये, कारण महाराष्ट्राची ओळख स्वीकारायची की नाही हे थेट मतदानाने विचारले गेलेला प्रदेश तोच.

१६ जानेवारी १९६७ रोजी जनमत कौल झाला. मतपत्रिकेवर महाराष्ट्रात विलीनीकरणासाठी फूल आणि वेगळ्या केंद्रशासित प्रदेशासाठी दोन पाने अशी चिन्हे होती. विलीनीकरणाच्या बाजूने १,३८,१७० आणि विरोधात १,७२,१९१ मते पडली, म्हणजे फरक ३४,०२१ चा. आता यातील गुंतागुंत पाहा. दयानंद बांदोडकर यांचा महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष १९६३ पासून सत्तेवर होता आणि विलीनीकरण हाच त्याचा मुख्य कार्यक्रम होता. पोर्तुगीज काळात ज्या खेड्यांनी शाळेचे तोंड पाहिले नव्हते, तिथे या सरकारने मराठी प्राथमिक शाळा उघडल्या. बहुजन समाजातील मुले प्रथमच मोठ्या संख्येने लिहू-वाचू लागली आणि त्यांची साक्षरता मराठीतून झाली. विलीनीकरणाच्या विरोधातील धारदार प्रचारही ‘राष्ट्रमत’ या मराठी दैनिकातूनच होत होता. मराठीतून वाचून लोकांनी महाराष्ट्राला नकार दिला. आणि कौलानंतर अवघ्या काही आठवड्यांत झालेल्या विधानसभा निवडणुकीत त्याच मतदारांनी बांदोडकरांच्याच पक्षाला पुन्हा निवडून दिले! त्यांना बांदोडकरांचे सरकार हवे होते, बांदोडकरांना हवे असलेले राज्य नको होते. शासनाच्या कामाबद्दलची कृतज्ञता आणि शासनाने सुचवलेली ओळख यांचे दोन वेगळे हिशेब मतदार ठेवू शकतो, हे मला यातून दिसते.

पुढची वीस वर्षे कोकणीची होती. १९८६ चे आंदोलन, १९८७ चा राजभाषा कायदा, त्याच वर्षी ३० मे रोजी घटक राज्याचा दर्जा, आणि १९९२ मध्ये आठव्या अनुसूचीत स्थान. मात्र राज्य मिळताच गोव्याच्या शासनानेही तेच केले जे फळा-खडू यांनी महाराष्ट्राबाबत सांगितले आहे. राजभाषा कायद्याने ‘कोकणी’ म्हणजे देवनागरीत लिहिलेली कोकणी अशी व्याख्या केली. रोमी लिपीत दीडशे-दोनशे वर्षे नव्हे, तर त्याहूनही जुनी लेखनपरंपरा असलेला ख्रिस्ती समाज, ज्याने जनमत कौलात आणि भाषा आंदोलनात पुढाकार घेतला होता, तो कायद्याच्या व्याख्येबाहेर राहिला. तियात्र (कोकणी लोकनाट्य) रोमीत लिहिले जाते, चर्चमधील प्रार्थना रोमीत छापली जाते, पण शाळेचे पुस्तक देवनागरीत. या समाजातील पुष्कळ पालकांनी पुढे प्राथमिक शाळेसाठी इंग्रजी माध्यमाला अनुदान मिळावे अशी मागणी लावून धरली आणि २०११ मध्ये ती मान्यही झाली. मराठीचे स्थान तर कायद्याने राखीव ठेवले आहे, तरीही मराठीला समान दर्जा द्यावा ही मागणी दर काही वर्षांनी डोके वर काढतेच.

---

संदर्भशोधक

सर्व उत्तरांबद्दल मनःपूर्वक आभार. एक पूरक प्रश्न विचारतो. गोदातीर म्हणतात की लोक ठरावाला विरोध करतात, रकान्याला करत नाहीत. मग २०२५ मधील हिंदीच्या प्रकरणाकडे कसे पाहावे? १६ एप्रिलचा शासन निर्णय वरकरणी वेळापत्रकातला एक रकानाच होता: पहिलीपासून तिसरी भाषा, आणि ती हिंदी. तरीही तो टिकला नाही.

---

फळा-खडू

तो टिकला नाही, कारण तो रकाना रिकामा नव्हता. महाराष्ट्रात हिंदी पाचवीपासून अनेक वर्षे शिकवली जाते आणि तिच्याविरुद्ध कधी मोर्चा निघालेला मला आठवत नाही. वाद झाला तो इयत्तेचा आणि सक्तीचा. १७ जूनला ‘अनिवार्य’ हा शब्द काढून ‘सर्वसाधारणपणे’ असा बदल करण्यात आला. हिंदीऐवजी दुसरी भाषा हवी असेल तर वर्गात किमान वीस विद्यार्थी हवेत अशी अट आली. ज्या राज्यात वीसपेक्षा कमी पटाच्या हजारो शाळा आहेत, तिथे या अटीचा अर्थ काय होतो हे कोणत्याही शिक्षकाला सांगावे लागले नाही. २९ जूनला दोन्ही निर्णय मागे घेतले गेले आणि डॉ. नरेंद्र जाधव यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्यात आली.

विरोध करणाऱ्यांत साहित्यिक आणि राजकीय पक्ष होते तसेच शिक्षक आणि पालकही होते. त्यांतील बहुतेकजण बालभारतीच्या पुस्तकांवर वाढलेले, म्हणजे राज्याने साठ वर्षे ज्यांना मराठी भाषेचा अभिमान बाळगायला शिकवले तेच लोक होते. वर्धाकाठ यांच्या भाषेत बोलायचे तर, शालेय शिक्षण विभागाच्या एका हाताने लावलेले झाड दुसऱ्या हाताला आडवे आले. विदर्भातून या विरोधाची तीव्रता मुंबई-पुण्याइतकी दिसली नाही, यालाही कारण आहे. मध्य प्रांतात हिंदी शेजारी नांदलेली असल्यामुळे नागपूरच्या बाजारात ती परकी वाटत नाही. पहिलीच्या वर्गातल्या शिक्षकाचा प्रश्न मात्र नागपुरात आणि साताऱ्यात सारखाच होता: ज्या मुलाला अजून जोडाक्षर वाचता येत नाही, त्याला दुसऱ्या भाषेसाठी तीच लिपी वेगळ्या उच्चारांनी आणि वेगळ्या शुद्धलेखनाने केव्हा शिकवायची, आणि एका शिक्षकाने चार इयत्ता सांभाळायच्या शाळेत तो तास घ्यायचा कोणी?